समुद्रसर्प आणि भडोचचे बंदर

मा. संपादक,
स. न.

आपल्या रविवार पुरवणीत समुद्रसर्पांच्या दंतकथांवर आलेला लेख वाचला. पृथ्वीला विळखा घालणारा नॉर्स पुराणातील यॉरमुंगांड आणि १८४८ साली ‘डीडॅलस’ या ब्रिटिश युद्धनौकेवरून दक्षिण अटलांटिकमध्ये दिसलेला अजस्र प्राणी यांची हकिकत त्यात रंगवून सांगितली आहे. तो प्राणी मोठा सील असावा, हे ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांचे मत मात्र द्यायला हवे होते. भारताच्या वाट्याला वासुकीवरचे एक वाक्य आले आहे. वासुकी मंथनापुरता दोर झाला. खरा समुद्राशी संबंध कालियाचा, कारण भागवताच्या दशम स्कंधानुसार तो गरुडाच्या भयाने रमणक द्वीप सोडून यमुनेच्या डोहात शिरला आणि कृष्णाने त्याला पुन्हा समुद्राकडेच धाडले.

समुद्रसर्प म्हणजे केवळ घाबरलेल्या खलाशांची कल्पना, हा लेखाचा निष्कर्ष मात्र आपल्या किनाऱ्याला लागू पडत नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात सिंधूच्या मुखाजवळ आणि गुजरातमधील भडोचच्या वाटेवर पाण्यात साप दिसू लागले की किनारा जवळ आला असे समजावे, असे सांगितले आहे. भडोचकडचे साप आकाराने लहान आणि सोनेरी झाक असलेले, असा तपशीलही त्यात आहे. ही नोंद अगदी व्यवहारी माणसाची वाटते. बहुतेक समुद्री साप किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात राहतात आणि फुप्फुसांनी श्वास घेत असल्यामुळे त्यांना वारंवार पृष्ठभागावर यावे लागते, त्यामुळे ही खूण विश्वासार्ह होती. कोकणात आजही ते मासेमारीच्या जाळ्यात सापडतात, आणि त्यांचे विष जीवघेणे असते, हे दर्यावर्दी मंडळींना सांगावे लागत नाही.

नाशिककरांना हे दूरचे वाटू नये. पांडवलेण्यांतील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात पश्चिम भारतातील क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे आणि त्यात त्याने धर्मशाळा बांधलेल्या ठिकाणांमध्ये भरुकच्छ, म्हणजेच भडोच, आणि आपले नाशिकजवळचे गोवर्धन यांची नावे एकत्र येतात. पेरिप्लसमध्ये भडोचच्या मुलखाचा जो राजा येतो, तो हाच नहपान, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ज्या बंदराची वाट साप दाखवत होते, त्याच्याशी या परिसराचा असा लेखी संबंध आहे.

पुढील पुरवणीत या बाजूची माहिती, शक्य झाल्यास शिलालेखाच्या छायाचित्रासह, द्यावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक, नाशिक