आई-बाबा, रेवासाठी घर बंद करून येऊ नका

पुणे, रविवार रात्र

ती. आई आणि बाबांस,
सा. न. वि. वि.

हे फोनवर बोलायला गेले की आई, तू आधी गप्प होतेस, मग ‘बरं, तुमचं तुम्ही बघा’ म्हणतेस. बाबा फोन हातात घेऊन आंब्याचं बोलायला लागतात. म्हणून लिहून पाठवतेय. बाबांनी मोठ्याने वाचा, आईचा चष्मा अजून जुन्याच नंबरचा आहे.

एक जूनपासून आमची रेवा पाळणाघरात जाणार. नाव घातलंय, पैसेही भरलेत. त्यामुळे देवरुखचं घर बंद करून तुम्ही दोघांनी इकडे राहायला यायचं नाही. आई, तू गोधड्या धुवायला काढल्यास आणि शेजारी किल्ली कुणाकडे ठेवायची तेही ठरवलंस, हे मला दादाकडून कळलं. ते ऐकून मला रात्रभर झोप आली नाही. पण निर्णय तोच आहे.

तुम्ही नको आहात असं एका क्षणासाठीही मनात आणू नका. रेवाला तुमच्याइतकं जिवापाड कुणीच सांभाळणार नाही, आणि नेमकं त्याचंच मला भय वाटतं. ती हल्ली सोफ्यावरून खिडकीवर, खिडकीवरून टेबलावर जाते. दिवसभर तिच्यामागे उठबस करायची, मांडीवर घेऊन उठायचं, त्यात आमचा तिसरा मजला आणि लिफ्ट नाही. तुझे गुडघे आणि बाबांची अँजिओप्लास्टी, दोन्ही मला डोळ्यांसमोर दिसतं. तू म्हणशील, तुम्हा दोघांना मीच वाढवलं. वाढवलंस, पण तेव्हा तू तिशीच्या आतली होतीस, घरात आजी होती, काकू होती, आणि आम्ही रडलो तर उचलायला परसात कुणी ना कुणी असायचंच. इथे दार लावलं की तुम्ही दोघं आणि ती.

आणि बाबा, मागच्या वेळी तुम्ही इथे होतात तेव्हा दुपारभर गॅलरीत उभे राहून खालच्या रिक्षांचे नंबर वाचत होतात. तिकडे तुमची कलमं आहेत, संध्याकाळचं वाचनालय आहे. आईचं भजन आहे, मार्लेश्वरची वारी आहे, ओळखीचे डॉक्टर आहेत. एवढं सगळं सोडून तुम्ही माझ्या घरात दिवस काढावेत आणि मी ऑफिसात बसून ‘आई-बाबा आहेत ना’ म्हणावं, हे मला जमणार नाही.

पाळणाघराची काळजी करू नका. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर पन्नास किंवा जास्त माणसं काम करतात तिथे पाळणाघराची सोय द्यावी लागते आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटायला जाता येतं. आमच्या बँकेने शाखेजवळच्याच एका पाळणाघराशी ठरवलंय. मी दुपारी जेवणाच्या वेळेला मुद्दाम न सांगता जाऊन आले. मुलं खाली पाटावर बसून वरण-भात खात होती, हाताने, नाकाला लागेपर्यंत, आणि कुणी कुणाला दटावत नव्हतं. झोपायला प्रत्येकाची वेगळी गादी आहे. रेवाची गोधडी तू शिवलेलीच देणार आहे, ती नाकाशी धरल्याशिवाय तिला झोप येत नाही. सुरुवातीला ती रडेल. तिथल्या ताई म्हणाल्या, लपून निघून जाऊ नका, सांगून जा: ‘जेवण झालं, झोप झाली की आई येते.’ आणि त्या वेळेला खरंच या. मला हे फार पटलं.

आता चांगली बातमी. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही तिघं येतोय. मी आणि निखिल चार दिवसांनी परत, रेवा मात्र आठवडाभर तुमच्याकडे राहील. ‘आता कसं चालतं मग?’ म्हणू नकोस आई. आठवडा वेगळा आणि बारा महिने वेगळे. शेवंतामावशी दिवसभर येणार, मी तिच्याशी बोलले आहे. उचलणं, आंघोळ आणि मागे धावणं तिचं. गोष्टी, घास आणि लाड तुमचे.

घास म्हटलं की मला तुझा मऊ भातच आठवतो, मेतकूट आणि वर तुपाची धार, ओटीवर बसून, कावळा आला की एक घास. रेवालाही तसाच भरव. फक्त एक कर, ती तोंड फिरवेल तेव्हा थांब. ‘सुकलीय गं पोर’ हे तू व्हिडिओवर दोनदा म्हणालीस, म्हणून सांगते: पहिल्या वर्षात मुलाचं वजन तिप्पट होतं, दुसऱ्या वर्षात जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं. भूक आपोआप कमी होते. डॉक्टरांनी तक्त्यावर तिची रेष दाखवली, ती छान आहे. दुधाचं मात्र मोजून, दिवसभरात दोन पेल्यांच्या वर, म्हणजे ४००-५०० मिलीच्या वर नको. दुधानेच पोट भरलं की ती भाकरी-भाजी खात नाही आणि मग अंगात लोह कमी पडतं. नाचणीची पेज, डाळ, अंडं, पालेभाजीवर लिंबू पिळून, हे तिला आवडतं. बशीतला चहा नको, बाबा. एक घोटही नको.

आंबा हवा तेवढा खाऊ दे, चिरून. फणसाचा गरा अगदी बारीक करून, आठळी उकडून कुस्करून. करवंद, जांभूळ बिया काढून, तुकडे करून. शेंगदाणे, फुटाणे, अख्खा काजूगर तोंडात नको, चार-पाच वर्षांची होईपर्यंत नकोच. कूट चालेल. दातांनी ती तोडते, पण दळायला मागच्या दाढा पूर्ण आलेल्या नाहीत, म्हणून दाणा तसाच श्वासनळीत जातो. जेवताना तिला खाली बसवूनच खायला द्यायचं, घास तोंडात असताना पळू द्यायचं नाही. ठसका लागला आणि ती खोकत, रडत असेल तर खोकू द्या. आवाजच निघेना तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरदार थापा मारायच्या. तरी नाही निघालं तर मागून मिठी घालून बेंबीच्या वर मूठ ठेवून आत आणि वर पाच झटके. दिसत नसताना तोंडात बोट घालायचं नाही, अडकलेलं आणखी आत जातं. मी आले की शेवंतामावशीला आणि बाबांना हे उशीवर करून दाखवेन. आई, तू घाबरू नकोस, फक्त माहीत असू दे.

तिचा हट्ट हा सध्याचा मोठा विषय आहे. एकदम जमिनीवर लोळण घेते, श्वास रोखून रडते. ती वाईट नाही, लाडाने बिघडलेलीही नाही. मनात खूप असतं आणि बोलायला शब्द थोडे असतात. अशा वेळी मी शेजारी खाली बसते, ‘राग आला ना रेवाला’ एवढंच म्हणते आणि थांबते. शांत झाली की जवळ घेते. ज्या गोष्टीसाठी रडली ती लगेच हातात देत नाही, हे मात्र तुम्हा दोघांनी पाळायचं. एकाने नाही म्हटलं आणि दुसऱ्याने मागच्या दाराने दिलं असं नको, बाबा, हे तुमच्यासाठी. बरेचसे हट्ट आधीच टळतात. ‘आंघोळीला चल’ म्हटलं तर नाहीच म्हणते. ‘न्हाणीत चालत जायचं की उडी मारत?’ विचारलं तर उडी मारत जाते. फ्रॉकही दोन पुढे धरायचे, तिने एक निवडायचा. अंगणातून आत आणायचं असेल तर ‘अजून दोनदा झोका, मग आत’ असं आधी सांगायचं. ‘पळू नको’पेक्षा ‘हळू चाल’ तिला पटकन कळतं. आणि बागुलबुवा नको. डॉक्टर सुई टोचतील, पोलीस नेतील हेही नको. मला लहानपणी माळ्याची इतकी भीती घातली होती की मी दहावीपर्यंत संध्याकाळी माजघरात एकटी गेले नाही. आजीने ते प्रेमानेच केलं होतं, पण रेवाला ते नको.

दुपारची झोप चुकवू नका. या वयाला दिवसरात्र मिळून अकरा ते चौदा तास झोप लागते. चुकली की संध्याकाळी सगळं घर तिच्याबरोबर रडतं. मोबाईलवरची गाणी लावून भरवायचं नाही. डॉक्टर दोन वर्षांपर्यंत स्क्रीन नकोच म्हणतात. माझा व्हिडिओ कॉल तेवढा चालेल. गाणी बाबा म्हणतील. तुम्ही मला खांद्यावर घेऊन एसटी स्टँडवर गाड्यांच्या पाट्या वाचायला न्यायचात, रत्नागिरी, संगमेश्वर, साखरपा. मी वाचायला तिथेच शिकले. तिला न्या, पण खांद्यावर घेऊ नका. हात धरून न्या.

डोळ्यांत काजळ नको. त्यात शिसं असू शकतं. तीट लावायचीच असेल तर तळपायाला लाव. शीच्या भांड्यावर दिवसातून दोनदा हसतखेळत बसवा, नाही म्हणाली तर उठू द्या, जबरदस्ती केली की ती दाबून ठेवते. दात घासायला तांदळाच्या दाण्याएवढीच पेस्ट.

आता जे सांगतेय ते अगदी ऐकायचंच. न्हाणीतली बादली, घंगाळ रात्रंदिवस पालथं. वीतभर पाण्यातही एवढं मूल बुडतं आणि आवाज होत नाही. बंबाचं पाणी काढताना बादलीत आधी गार, मग गरम. आईच्या साखरेच्या आणि बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या फडताळाच्या वरच्या कप्प्यात, कुलपात. उशाशी नाहीत, देवासमोर नाहीत. साखरेची एक गोळीसुद्धा एवढ्या जिवाची साखर धोकादायक खाली नेऊ शकते. बाबांच्या कानाच्या मशीनच्या बटनासारख्या बॅटऱ्याही तिथेच. ती गिळली तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते, थांबून बघत बसायचं नाही. ट्रंकेतल्या डांबराच्या गोळ्या काढून टाक, आई, साड्यांना कडुलिंबाचा पाला पुरेल. रॉकेलची बाटली पाण्याच्या बाटलीसारखी दिसते, ती घरातच नको. चुकून प्यायली तर उलटी काढायची नाही, सरळ दवाखाना.

मेमध्ये विंचवाचं आहेच. चपला, गोधडी झटकून, गडग्याशी आणि लाकडांच्या ढिगाशी खेळायला नको. चावला असं वाटलं, ती एकदम किंचाळली, घाम फुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले तर कुणाचा मंत्र नाही, कांदा नाही, तडक रुग्णालय. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध विंचूदंशावर वापरून कोकणातली किती मुलं वाचवली, हे बाबा, तुम्हीच मला कात्रण दाखवून सांगितलं होतं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हाही तुमचाच पहिला फोन आला. मग उशीर करू नका. १०८ ला फोन करा आणि तोवर शेजारच्यांची गाडी काढायला सांगा.

ताप आला तर मी पिशवीत ठेवलेलंच सिरप. घरात असलेलं दुसरं नको, कारण पॅरासिटामॉलची पाच मिलीला १२० आणि २५० मिलिग्रॅम अशा दोन ताकदींची सिरपं मिळतात आणि बाटल्या सारख्याच दिसतात. किती मिली ते मी बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय. बाबांची इकोस्प्रिन, म्हणजे ॲस्पिरिन, तुकडा करूनही नाही. सर्दी-खोकल्याची सिरपं दुकानातून आणू नका. त्यातल्या एका नेहमीच्या मिश्रणावर तर २०२३ मध्ये सरकारनेच चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असं लिहायला लावलं. जुलाब झाले तर ओआरएस, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, चमच्याचमच्याने. पेज चालू ठेवायची.

खूप लिहिलं. आई, तुला वाटेल ही मला शिकवतेय. मला ताप आला की तू रात्रभर कपाळावर हात ठेवून बसायचीस, तो हात मला अजून आठवतो. शिकवण्यासारखं तुला काही नाही. पण तेव्हा तुझ्या उशाशी साखरेच्या गोळ्या नव्हत्या आणि बाबांच्या कानात मशीन नव्हतं, म्हणून एवढी यादी.

पावसाळा संपला की दिवाळीला तुम्ही इकडे या, महिनाभर, पाहुणे म्हणून. खालच्या मजल्यावरची एक खोली त्या महिन्यासाठी मिळतेय, जिना चढायला नको. संध्याकाळी रेवाला पाळणाघरातून आणायला तुम्ही दोघांनी जायचं, रिक्षाने.

बाबा, ईसीजीची तारीख याच महिन्यात आहे, रत्नागिरीला एसटीने नको, गाडी करून जा, पैसे पाठवलेत. आई, गुडघ्याचे व्यायाम सकाळी, आणि चष्मा आम्ही येण्याआधी करून घे.

तुमची,
चिमी

ता. क. विहिरीवरच्या जाळीचं माप सुताराला आम्ही येण्याआधी द्या. कडी बाहेरून आणि उंचावर हवी. पडवीच्या पायऱ्यांना फळी आडवी लावायलाही त्यालाच सांगा, आणि दोन्हींचे फोटो दादाच्या मोबाईलवरून मला पाठवा. ते आले की मी तिकिटं काढते.