बाबा, डेव्हिड मॅनचं चित्र पाठवतेय

पुणे

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

नळीत गुंडाळून पाठवलंय ते डेव्हिड मॅन या अमेरिकी चित्रकाराच्या ‘घोस्ट रायडर’ची छापील प्रत आहे. मूळ चित्र १९८३चं. नळी लगेच उघडू नका. कागद कसा सोडवायचा आणि फ्रेम कशी करायची ते शेवटी लिहिलंय, तेवढं आधी वाचा.

बाबा, हा माणूस तुमच्याच, रंग-ब्रशच्या धंद्यातला. १९४० साली मिझुरीतल्या कॅन्सस सिटीत जन्मला आणि हाताला वळण लागलं ते गाड्यांवर रेघा मारून. तिकडे त्याला पिनस्ट्रायपिंग म्हणतात. या कामाचा ब्रश खारीच्या केसांचा, तलवारीसारखा तिरपा कापलेला आणि मूठ अगदी आखूड. लांब केसांत रंग साठून राहतो, म्हणून पेट्रोलच्या टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ न तोडता जाते. रंग पातळ झाला की रेघ ओघळते, घट्ट झाला की मधेच फाटते. करंगळी टाकीवर टेकवून अख्खा हात खांद्यातून सरकवायचा, हे तुम्हाला मी काय सांगणार! चेन्नईत बुलेटच्या टाक्यांवर सोनेरी रेघा हाताने मारतात, तीच ही विद्या.

नोकरीधंद्याच्या वयात तो कॅलिफोर्नियात गेला आणि तिथे त्याने चॉपर पाहिल्या. हार्ली-डेव्हिडसन मोटारसायकलची फ्रेम कापून, पुढचं चाक धरणारा फोर्क लांबवून, मडगार्ड छाटून बनवलेल्या या गाड्या. गावी परत येऊन त्याने ‘हॉलिवूड रन’ हे चित्र काढलं आणि १९६३मध्ये कॅन्सस सिटीच्या कस्टम गाड्यांच्या प्रदर्शनात लावलं. कस्टम गाड्या बनवणाऱ्या, ‘बिग डॅडी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एड रॉथपर्यंत त्याची बातमी गेली. रॉथने ते ८५ डॉलरला विकत घेतलं आणि पुढे मॅनच्या चित्रांची पोस्टरं छापून विकली. १९७१ साली ‘ईझीरायडर्स’ हे मोटारसायकलवाल्यांचं मासिक निघालं. दोनेक वर्षांत मॅन तिथे आला आणि मग तीसेक वर्षं त्या मासिकाच्या मधल्या जोडपानावर त्याचं चित्र असायचं. लोक पिना काढून ते पान गॅरेजच्या भिंतीला लावत. ११ सप्टेंबर २००४ला, चौसष्टावा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी तो गेला.

त्याचं नाव अजून टिकून आहे याचं कारण माझ्या मते एकच: ज्यांची चित्रं त्याने काढली, त्या लोकांना त्याच्या चित्रात खोट सापडली नाही. जाहिरातीसाठी मोटारसायकल काढणारे बरेच असतात. त्यांच्या चित्रात सायलेन्सर इंजिनाच्या कुठून निघतो ते कळत नाही आणि क्लचची केबल हवेत संपते. मॅन स्वतः हार्ली चालवायचा, मोटारसायकल क्लबवाल्यांत उठबस करायचा. त्यामुळे त्याच्या चित्रात रस्त्याकडेला गाडी उघडून बसलेला माणूस खरंच काहीतरी दुरुस्त करत असतो. त्याने कल्पनेने रंगवलेल्या गाड्या बघून लोकांनी तशा खऱ्या गाड्या बांधल्या. चित्रकाराला याहून मोठी पावती मी तरी ऐकलेली नाही.

त्याची कुठलीही चित्रं बघताना आधी इंजिन बघा. दोन सिलिंडर, मधला कोन ४५ अंशांचा. माथ्यावरची झाकणं पालथ्या पातेल्यासारखी गुळगुळीत असतील तर ते पॅनहेड, म्हणजे १९४८ ते १९६५चं. त्याआधीचं, १९३६ ते १९४७चं नकलहेड. त्याच्या डोक्यावर मोठे नट दिसतात. १९६६पासून १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत शॉव्हलहेड. उजव्या अंगाला पुशरॉडच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांच्या) चार नळ्या, त्याच बाजूला कार्बोरेटर आणि दोन्ही सायलेन्सर. डाव्या अंगाला प्रायमरी चेनचं, म्हणजे इंजिनाकडून क्लचकडे जाणाऱ्या चेनचं झाकण. तुमच्या बुलेटलाही पुशरॉड आणि सायलेन्सर उजवीकडे आणि प्रायमरी डावीकडे, म्हणून तुम्हाला हे पटकन लागेल.

मग फ्रेम. मागे शॉकअब नाहीत, मागचं चाक वरखाली हलू देणारा चिमटाही नाही. मागचा त्रिकोण सरळ चाकापर्यंत जोडलेला, खड्ड्याचा दणका थेट कमरेला. पुढचं चाक २१ इंची आणि बारीक, मागचं १६ इंची आणि जाड. टाकी शेंगेएवढीच, साधारण साडेआठ लिटरची. जुन्या बुलेटच्या टाकीत चौदाच्या वर बसतं, म्हणजे या गाडीला पेट्रोलपंप किती वेळा लागत असेल ते बघा. मागच्या सीटला उंच लोखंडी टेका असतो, त्याला वळकटी बांधायची.

आता फोर्क. मूळ हार्लीत तो उभ्या रेषेपासून साधारण ३० अंश कललेला असतो. चॉपरवाले फ्रेमची मान, म्हणजे फोर्क जिच्यात फिरतो ती नळी, कापून तो ४० किंवा ४५ अंशांवर नेतात. दिसायला झकास, पण एक भानगड होते. या मानेची रेषा खाली वाढवली तर ती चाकाच्या टेकण्याच्या जागेच्या पुढे जमिनीला लागते. या अंतराला ट्रेल म्हणतात. टायरसकट चाकाची त्रिज्या साडेचौतीस सेंटिमीटर आणि फोर्क मानेपासून ६ सेंटिमीटर पुढे धरला, तर ३० अंशांना ट्रेल १३ सेंटिमीटर येतो आणि ४५ अंशांना २६, म्हणजे बरोबर दुप्पट. अशी गाडी हायवेला सरळ धावते, पण गल्लीत वळवताना हँडल एका बाजूला पडू पाहतं आणि दोन्ही हातांनी उचलून धरावं लागतं. म्हणून चांगले कारागीर वरच्या-खालच्या टीमध्येच (फोर्कच्या नळ्या मानेला जोडणाऱ्या पट्ट्यांत) फोर्कला आणखी काही अंश कल देतात, की ट्रेल परत कमी होतो. तोही बेतानेच, कारण ट्रेल फारच कमी झाला तर गाडी वेगात थरथरायला लागते. आणि मान न कापता नुसता लांब फोर्क लावला तर गाडी नाक वर करून उभी राहते. फ्रेमची खालची नळी जमिनीला समांतर आहे का, यावरून ते लगेच कळतं. मॅन फोर्क मुद्दाम ताणून काढायचा, माणसं अगदी खाली बसवायचा. ती त्याची अतिशयोक्ती होती. पण गाडीचा तोल त्याने कधी बिघडू दिला नाही.

‘घोस्ट रायडर’मध्ये दाढीवाला स्वार चॉपरवर मोकळ्या रस्त्याने चाललाय आणि त्याच्या बरोबरीने, आरपार दिसणारा, घोड्यावरचा काउबॉय दौडतोय. त्याचं हे सगळ्यात गाजलेलं चित्र. टाक्यांवर, टीशर्टांवर, लोकांच्या दंडांवर गोंदलेलं सापडतं. अशी पारदर्शक आकृती काढताना मागचा देखावा आधी पूर्ण करून सुकवायचा आणि वर फिकट रंगाचे पातळ हात द्यायचे. दाट उजेड फक्त कडांना: टोपीची किनार, घोड्याची मान. मधे रंग जाड झाला तर भूत न दिसता चुन्याचा पुतळा दिसतो.

आई, तुला सांगते, या माणसाची सगळी चित्रं घरात लावण्याजोगी नाहीत. दारू आहे, मारामाऱ्या आहेत, बायकाही पुरुषांच्या नजरेने काढलेल्या आहेत. ते मला आवडत नाही आणि त्याच्या गुणांखातर झाकूनही ठेवायचं नाही. पण हे चित्र समोरच्या खोलीत लावायला काहीच हरकत नाही.

बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत की शेजारच्या पोराच्या बुलेटच्या टाकीवर असं काही काढता येईल का. येईल. टाकी उतरवून पेट्रोल काढा, झाकण उघडं ठेवून दोन दिवस सावलीत वाळू द्या आणि जवळपास काडीसुद्धा ओढू देऊ नका. प्रायमर, ६०० नंबरच्या पाणकागदाने घासणं, मूळ रंग, त्यावर क्लिअरचा, म्हणजे पारदर्शक थराचा एक हात. तो वाळला की ८०० किंवा १००० नंबरने घासून त्याची चकाकी घालवायची आणि मग चित्र. चित्रासाठी नेहमीचा एनॅमल वापरू नका. वरून टू-के (हार्डनर मिसळायचं) क्लिअर बसलं की त्यातलं थिनर एनॅमल उचलतं आणि सगळ्यावर सुरकुत्या येतात. गाड्यांचा बेसकोट आणा, त्याच्याच थिनरने पातळ करा. क्षितिजाची रेघ टाकी गाडीवर परत ठेवून, बाजूने डोळ्याच्या उंचीवरून बघून आखा. टेबलावर आखलेली रेघ टाकीच्या फुगवट्यावर वाकडी दिसते.

क्रोमला राखाडी रंग लावू नका, सगळे तिथेच फसतात. क्रोमला स्वतःचा रंग नसतो. वर गडद निळं, खाली येताना फिकं होत जाणारं आभाळ. मग एकदम काळपट, धारदार रेघ, ते क्षितिज. तिच्याखाली मातीचा तपकिरी रंग, खाली जाताना उजळत. ही काळी रेघ पुसट केली की क्रोम न दिसता ॲल्युमिनियम दिसतं. पांढरा ठिपका सगळ्यात शेवटी, एखाद-दुसराच. सायलेन्सरच्या नळीवर हेच पट्टे बारीक होऊन तिच्या लांबीने धावतात. दुकानांच्या पाट्यांवर तुम्ही अक्षरांना चंदेरी शेड द्यायचात तीच ही रीत. तुमच्या त्या कामाला कुणी चित्रकला म्हटलं नाही, याचं मला कायम वाईट वाटत आलंय.

शेवटचं क्लिअर मात्र तुम्ही मारायचं नाही. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसाला घातक आणि साध्या रुमालाने अडत नाही. ते गॅरेजवाल्याच्या बूथमध्ये मारून घ्या. त्याला एवढंच सांगा की क्लिअर टाकीच्या तोंडाच्या आत, झाकणाच्या रबराखालपर्यंत गेलं पाहिजे. कड बाहेर राहिली की पेट्रोल तिच्याखाली शिरतं आणि रंगाला फोड येतात.

आता चित्र लावायचं. नळीतून काढलं की उलटं गुंडाळून सरळ करू नका, कागदाला मोड पडते. स्वच्छ कोऱ्या कागदांमध्ये ठेवून वर पुस्तकांचं वजन द्या, दोन दिवस. फ्रेमवाल्याला प्लायवर फेव्हिकॉलने चिकटवू देऊ नका, पहिल्या पावसाळ्यात फुगे येतील. आम्लविरहित माउंटबोर्ड मागा आणि चित्र फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी कागदी पट्टीने टांगून ठेवायला सांगा. दमट हवेत कागद वाढतो, त्याला खाली सरकायला जागा हवी. साधी सेलोटेप चालणार नाही, ती पिवळी पडून डाग सोडते. वरून माउंटची चौकट घालायची, म्हणजे काच आणि चित्र यांत थोडं अंतर राहील. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना रबराच्या गोट्या लावा, भिंतीशी हवा खेळेल.

पश्चिमेची भिंत नको, तिच्यावर पाऊस आपटतो आणि ओल आत येते. देवघरालगतच्या भिंतीवर ऊन येत नाही, तीच बरी. उन्हात आधी पिवळा आणि गुलाबी उडतो आणि निळाच उरतो. जुन्या सलूनमधली पोस्टरं निळी पडतात ती याचमुळे. काच चित्राला टेकवून दिली असेल तर फ्रेम घरी आणू नका, तिथेच उघडून परत करून घ्या.

आई, गुडघ्याचं तेल याच खोक्यात आहे, नळीच्या शेजारी.

तुमची,
वैशू