व्हई जाई

रॉटरडॅम, फेब्रुवारी २०२६

ती. आबा व ती. आईस सा. न. वि. वि.

आबा, तुम्ही फोनवर म्हणालात, ‘त्या कापसाच्या पिक्चरात आपलं दळिद्र गोऱ्यांना दाखवता अन् तू पडद्याखालच्या भाषांतराच्या पाट्या लिहिते.’ मी गप्प बसले, कारण फोनवर बोललं की शब्द वाढतो. म्हणून हे पत्र. आई, थंडी आहे, पण घर गरम असतं. कळण्याचं पीठ अर्धा डबा उरलंय. मी नीट जेवते, परत विचारू नकोस.

आधी इथली एक तऱ्हा सांगते, म्हणजे पुढचं कळेल. महोत्सवात आत जाताना हातात चिठ्ठी देतात. तिच्यावर १ ते ५ आकडे असतात. पेन नाही, पेन्सिल नाही. पिक्चर संपला की जितके गुण द्यायचे त्या आकड्यापाशी कागद फाडायचा आणि दाराशी पेटीत टाकायचा. ५ म्हणजे फार आवडला, १ म्हणजे पैसे वाया. पडद्यावर नावं संपेपर्यंत बहुतेक लोक जागचे हलत नाहीत. जनरेटरवाल्याचं, बैलाच्या मालकाचं, सगळ्यांचं नाव वाचतात. मग दिवे लागतात आणि एकदम शंभर-दीडशे कागद टर्र टर्र फाटतात. आई, तुला वाटेल लोक चिडले. तसं नाही, पाच गुणवालाही फाडतोच.

इथल्यांना सर्वात आवडला तो पहाटेचा धुक्यातला कापूसवेचणीचा तुकडा. बाहेर कॉफी पिताना त्याचीच चर्चा होती. आणि अमळनेरच्या खेळाला तुम्ही नेमकं तिथेच म्हणालात, ‘धुक्यात कोण कापूस वेचतं रे भो?’ बरोबरच आहे. दव उतरल्याशिवाय बाया वावरात शिरत नाहीत. ओला कापूस गाठोड्यात कोंदटतो, पिवळा पडतो, मग ओलावा मोजायच्या मीटरवर मार खातो. कॅमेरावाल्याला उजेड हवा होता, बाकी काही नाही. ती चूक पिक्चरचीच.

पण जिनिंगच्या फाटकावरचा बाप चुकलेला नाही. चाळीस सेकंद तो टेम्पोला टेकून उभा राहतो, तोंडातून शब्द काढत नाही, वर आभाळ भरलेलं. इथे एकजण म्हणाला, किती शांत माणूस. दुसरी म्हणाली, मला झोप आली. तुम्ही मात्र खुर्चीत पुढे सरकलात, असं भाऊ सांगत होता. कारण तुम्ही त्याच्याबरोबर आकडेमोड करत होतात. ओलावा १४ टक्के. सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस खरेदीत, ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, १२ पर्यंत भाव कापून घेणार, त्याहून जास्त असला की गाडी परत. २०२४-२५ चा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ७,५२१, आणि व्यापारी बोलतो ६,०००. माल १८ क्विंटल. म्हणजे २७,३७८ रुपये तिथेच उभ्या उभ्या गेले. शिवाय वेचणी किलोला दहाने १८,००० आधीच दिलेली. वाळवून आणावा तर दोन दिवस कडक ऊन पाहिजे, आणि वाळला की वजनही घटतं. इथल्यांना ते ढग उदास वाटले. तुम्हाला त्यात वाळवण बुडालेलं दिसलं. पाटी तरी कशाची लिहू? तो बोलतच नाही.

हेगहून आलेल्या एका सुरीनामी हिंदुस्थानी आजीबाईंना मात्र पाटी लागली नाही. त्यांच्याकडचे लोक १८७३ पासून मजुरीच्या करारावर सुरीनामला गेलेले. तराजू दिसताच त्यांनी डोक्यावर पदर घेतला.

माझी चूक झाली ती शेवटी. पोरगी विचारते, ‘आते काय करानं, बा?’ तो म्हणतो, ‘व्हई जाई.’ जेमतेम दीड सेकंद, पाटीत मोजकीच अक्षरं मावतात. मी डचमध्ये लिहिलं ‘कोम्त खूत’. अर्थ, होईल नीट. पण इथे नळ दुरुस्त करणाराही तेच म्हणतो, सायकल पंक्चर झाली तरी तेच, हसत हसत. साहजिकच लोक म्हणाले, शेवट आशेचा आहे! आता बदलून ‘वे झीन वेल’ केलंय, म्हणजे बघू पुढे. तेही पुरतं नाही. ‘व्हई जाई’ म्हणताना आपल्याकडे माणूस समोरच्याकडे बघत नाही, हे कुठल्या अक्षरांत बसवायचं?

बरं. बोअरच्या मोटरचं विचारलं तेव्हा परवा तुम्हीही हेच म्हणालात. भाऊच्या खात्यावर ३५ हजार पाठवलेत. मोटर आणि केबल त्यातच बसवा, सोसायटीच्या हप्त्याला लावू नका, त्याचं मार्चमध्ये बघते. कर्ज काढून पाठवलेले नाहीत, माझ्याकडे होते.

धुळ्याच्या स्थळाला अजून नाही म्हणू नका, पण हो पण म्हणू नका. मुलगा चांगला असेल, माझं काही म्हणणं नाही. फक्त त्यांनी ‘मुलगी परत कधी येणार’ विचारलं तर तारीख सांगू नका. आखाजीला जमत नाहीये, आई. रागावू नकोस. तिकीट पाहिलं होतं, खरंच पाहिलं होतं.

तुमची,
माई

ता. क. निंबाला झोका बांधा तरी. शेजारच्या पोरी खेळतील.