कबरीवर थर्माकोल कशाला?

मा. संपादक,

सप्टेंबर लागला की आमच्या चर्चमधे निसर्गासाठी प्रार्थना सुरू होतात. १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर, म्हणजे असिसीच्या संत फ्रान्सिसच्या सणापर्यंत. १ सप्टेंबरचा प्रार्थना दिवस १९८९ मधे ऑर्थोडॉक्स चर्चने सुरू केला, २०१५ ला पोप फ्रान्सिसनी तो कॅथलिकांसाठीही जाहीर केला, त्याच वर्षी त्यांचं निसर्गाच्या काळजीबद्दलचं 'लाउदातो सी' हे पत्र आलं. फादर छान प्रवचन देतात, मुलं कुंडीत रोपं लावतात, फोटो होतात. आणि मग महिनाभरात २ नोव्हेंबर येतो, मृतांचा दिवस, आपण आपल्या माणसांच्या कबरी सजवायला जातो आणि सगळं विसरतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुठल्याही सेमेटरीत, म्हणजे आपल्या दफनभूमीत, चक्कर मारून बघा. मी एकदा फेकून दिलेलं एक रीथ, म्हणजे कबरीवर ठेवायचं गोल पुष्पचक्र, उचलून सोडवून बघितलं, आत थर्माकोलची रिंग, त्यावर गुंडाळलेली चमकी, तारेने बांधलेली प्लास्टिकची फुलं, वर सेलोफेन, आणि या सगळ्यात खरी म्हणावी अशी शेवंतीची चार फुलं. बाजूला प्लास्टिकच्या कपातल्या मेणबत्त्यांचा ढीग, अर्ध्या जळलेल्या. यातलं वेगळं कोण करणार? माळी बिचारा एकटा, तो सगळं एकाच ढिगात लोटतो आणि गाडी आली की भरून देतो.

ती गाडी जाते कुठे हेही आपल्याला माहीत असायला पाहिजे. मुंबईचा कचरा देवनारला आणि कांजुरमार्गला जातो. देवनारला तर १९२७ पासून टाकतोय आपण. २०१६ च्या जानेवारीत तिथे आग लागली तेव्हा गोवंडी-शिवाजीनगरच्या लोकांनी किती दिवस तो धूर छातीत घेतला. आपल्या शेजाऱ्यावर प्रीती कर असं आपण दर रविवारी ऐकतो ना, मग गोवंडीतला माणूस आपला शेजारी नाही का? मला तरी हा झाडं लावण्याचा विषय वाटत नाही, सरळ सरळ विश्वासाचा वाटतो. बायबलमधे उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव माणसाला बागेत ठेवतो तो तिची मशागत आणि राखण करायलाच.

आणि आपल्याला हे कुणी बाहेरून शिकवायची गरजच नाहीये. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, मिळालेल्या आशीर्वादित झावळ्या आपण वर्षभर घरी क्रुसामागे ठेवतो, त्याच परत चर्चमधे देतो, जाळतो आणि त्यांचीच राख पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारी, उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, कपाळाला लागते, एक काडी वाया जात नाही. आगेऱ्याला, म्हणजे सुगीच्या सणाला, आमचे ईस्ट इंडियन लोक, म्हणजे मुंबईचे मूळचे ख्रिस्ती, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमधे आणतात, तेही मरोळसारख्या ठिकाणी, जिथे शेतं कधीच बिल्डिंगखाली गेली. म्हणजे सवय आहे आपल्याला, फक्त ती सेमेटरीच्या फाटकापर्यंत पोचत नाही.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच, रीथ नको, दादरच्या फुलबाजारातून झेंडू-शेवंती आणा, तारेऐवजी दोऱ्यात ओवा. घरात लहान मुलं असतील तर आदल्या रात्री त्यांना ओवायला बसवा, ओवता ओवता आजोबा-पणजोबांच्या गोष्टी निघतात ते वेगळंच. मेणबत्ती पूर्ण कुटुंबाची मिळून एक पुरे, मेण म्हणजे शेवटी पेट्रोलियमच, आणि ती मातीच्या पणतीत लावा. पॅरिशने, म्हणजे आपल्या चर्चच्या मंडळींनी, सेमेटरीच्या एका कोपऱ्यात खड्डा करावा, फुलं त्यात, खत तिथल्याच झाडांना. थर्माकोलच्या सजावटीवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, त्यामुळे नोटीस लावताना फादरनी कचरू नये.

एक मात्र लक्षात ठेवा. सेमेटरीच्या फाटकाबाहेर हार-रीथ विकणाऱ्या बायकांचं पोट या एका दिवसावर बरंच अवलंबून असतं. त्यांना आधी सांगा की यंदा लोक खऱ्या फुलांचे हार घेतील, आणि ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातच सांगा, कारण एकदा त्यांनी प्लास्टिकचा माल भरला की नुकसान त्यांचंच होणार, आपलं नाही.

– एक वाचक, मरोळ, अंधेरी (पूर्व)