सावजी रस्सा अर्धा का ठेवलास?

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर मी चिडले, तूही पटकन ठेवून दिलास. आज फक्त गॅदरिंगच्या स्पॉन्सरबद्दल लिहिते, दुसरं काही विचारत नाही.

तू म्हणतोस ती वेलचीची कंपनी आहे. वेलचीची पुडी आणि तंबाखूची पुडी शेजारी ठेवून बघ. तेच नाव, तीच अक्षरं, तोच रंग. तंबाखूची जाहिरात करता येत नाही, म्हणून ते नाव वेलचीच्या पाठीवर बसून कॉलेजात शिरतं. 2003 च्या तंबाखू कायद्याचं कलम 5 अशा नावाच्या प्रचारासाठी स्पॉन्सरशिप घ्यायलाही मनाई करतं. पहिल्याच गुन्ह्याला 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि कागदावर सही सेक्रेटरीची, म्हणजे तुझी. तू निवडून आलास तेव्हा आजीनं अख्ख्या महाल भागात पेढे वाटले होते रे.

प्राचार्यांना लेखी दे: बॅनर, टी-शर्ट आणि स्टॉलवरच्या फुकट पुड्या, तिन्ही नकोत. बॅनर दोन दिवसांत उतरतो, टी-शर्ट वर्षभर फिरतो. छोटी तुझेच टी-शर्ट घालून झोपते. गेटबाहेरच्या पानठेल्याचंही त्यातच लिही. कॉलेजापासून 100 यार्डांच्या आत तंबाखू विकायला मनाई आहे. 100 यार्ड म्हणजे साधारण 91 मीटर, आणि ते गेटपासून नाही, कुंपणाच्या भिंतीपासून मोजायचे.

तंबाखूच्या पाकिटावर निदान 85 टक्के जागेत इशारा आणि चित्र तरी असतं. खर्ऱ्याच्या पन्नीवर काय असतं? सुपारी, तंबाखू, चुना टाकून समोर घोटून देतात, कोरी पन्नी. "मी नुसती सुपारी खातो" म्हणणारी पोरंही सुटत नाहीत. सुपारीनंच गालाची आतली कातडी ताठ होत जाते. आधी तिखट झोंबतं, मग तोंड कमी उघडतं, आणि ते पुन्हा पहिल्यासारखं होत नाही.

बघ, लेक्चर झालंच. माफ कर. तू समजदार आहेस, दादाच्या वेळी तूच घर सांभाळलंस.

पण परवा सावजी रस्सा तू अर्धा ठेवलास. तिखट लागतं म्हणालास. तू, ओंकार?

आरशासमोर उभा राहा. तीन बोटं एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये घाल. किती गेली तेवढाच आकडा कळव. कमी गेली तर मी रागावणार नाही, सोमवारी सुट्टी टाकून डेंटल कॉलेजात सोबत येईन.

तुझी,
आई