पोरांना लोखंड बिघडवू द्या

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

दहावीचा निकाल लागला की आमच्या बडोद्यात, दांडिया बाजारात, रावपुऱ्यात घरोघरी एकच विषय असतो: सायन्स घ्यायचे की डिप्लोमा. ज्यांना अकरावी-बारावीच्या ट्यूशनचा खर्च झेपत नाही ते डिप्लोमाकडे वळतात. तिथेही पहिल्या दिवसापासून सगळे लक्ष डी टू डीवर असते, म्हणजे डिप्लोमा आटोपून थेट डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला. पुढे शिकावेसे वाटणे चांगलेच आहे. पण मधल्या तीन वर्षांत पोर हाताने काय शिकले, हे ना आईबाप विचारतात ना परीक्षक. ते विचारावे म्हणून हे पत्र लिहितो आहे.

मी पॅटर्नमेकर. ओतशाळेत बिडाचा (ओतीव लोखंडाचा) किंवा पितळेचा एखादा भाग ओतायचा, तर तो आधी लाकडात घडवावा लागतो. तो लाकडी नमुना वाळूत दाबून अलगद काढून घेतात आणि मागे राहिलेल्या पोकळीत रस ओततात. असे नमुने घडवण्यात माझी २४ वर्षे मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतशाळेत, गेली. त्यानंतर १२ वर्षे मी एका तंत्रनिकेतनाच्या (डिप्लोमा कॉलेजच्या) वर्कशॉपमध्ये इन्स्ट्रक्टर होतो. आता वय ७१ आहे. डोळ्यांचे ऑपरेशन झाले आहे, पण हात शाबूत आहेत.

माझी नात शहरातल्याच एका तंत्रनिकेतनात मेकॅनिकलला आहे. मागच्या वर्षी एका संध्याकाळी तिने दप्तरातून फिटिंगचा जॉब, म्हणजे वर्कशॉपमध्ये हाताने करायची वस्तू, काढून मला दाखवला. दोन पत्र्यांची नर-मादी जोडणी होती, एकाला टोक आणि दुसऱ्याला खाच. मी तो हातात घेतला, खिडकीशी नेला आणि उजेडाकडे धरला. सांध्यातून प्रकाशाची रेघसुद्धा येत नव्हती. चारच महिने शिकलेल्या पोरीचे हे काम नव्हे, हे मी बघताक्षणी ओळखले. काही न बोलता जॉब परत दिला. तिलाच राहवले नाही. म्हणाली, "आबा, हा मी नाही केला. बाहेर दीडशे रुपयांत तयार मिळतो. सगळेच आणतात. एका व्हाइसवर आम्ही पाच जण असतो, दोन तासांत माझी पाळी येते कधी? आणि हॅकसॉचं ब्लेड मोडलं तर पैसे भरावे लागतात."

पोरीचा मला राग आला नाही. तिचे जर्नल, म्हणजे प्रात्यक्षिकाची वही, पाहिले तेव्हा मात्र वाईट वाटले. एम (उद्देश), अ‍ॅपरेटस, प्रोसिजर, रिझल्ट, सगळे वळणदार इंग्रजीत लिहिलेले, आकृत्या पट्टीने काढलेल्या, खाली लाल सही आणि १० पैकी ९ गुण. कानस, म्हणजे लोखंड घासायचे अवजार, चालवण्याची कृती तिने सव्वा पान भरून लिहिली होती. कानस तिच्या हातात आली होती ती पंधरा मिनिटे.

दुसऱ्या दिवशी मी माळ्यावरचा जुना व्हाइस, म्हणजे काम आवळून धरायचे साधन, खाली काढला आणि व्हरांड्यातल्या बाकाला बोल्टने पक्का केला. ५० मि.मी. रुंद, ६ मि.मी. जाड अशी एमएसची (साध्या मऊ पोलादाची) पट्टी आणली आणि तिचे चौकोनी तुकडे केले. नातीला सांगितले, एक कड सरळ कर, तिला दुसरी कड काटकोनात कर. बाकी काही नको.

ज्यांनी कानस धरलेली नाही त्यांना वाटेल, यात काय मोठे? कानस पुढे ढकलताना सुरुवातीला जोर डाव्या हातावर असतो, मध्यावर दोन्ही हातांवर सारखा, आणि शेवटी उजव्यावर. हा जोर एका हातातून दुसऱ्यात सरकवता आला नाही की कानस डोलते आणि कड मध्ये फुगते. नातीची कड फुगली. गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचे अवजार, लावून उजेडाकडे धरली तर दोन्ही टोकांना फट. फुगवटा काढायला ती मध्येच घासत बसली, तर खळगा पडला. पहिला तुकडा मापाखाली गेला, दुसराही गेला. तिसऱ्याची कड सरळ आली पण काटकोन चुकला. चौथा गेला तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आले आणि तळहाताला फोड. पाचवा तुकडा तिने संथपणे केला. बाराव्या दिवशी गुण्या लावला तेव्हा उजेड कुठूनही आला नाही. ती बराच वेळ तसाच धरून उभी होती.

बिघडलेले चारही तुकडे मी तराजूत टाकून पाहिले. अर्धा किलोही भरले नाहीत. बाजारभावाने ३५-४० रुपयांचे लोखंड. दीडशे रुपयांचा तयार जॉब घेऊन ती जे शिकली नसती ते चाळीस रुपयांचे लोखंड बिघडवून शिकली.

माझे म्हणणे एवढेच आहे. तंत्रनिकेतनात मुलांना माल बिघडवू दिला पाहिजे. आज वर्कशॉप चालतात ती माल वाया जाऊ नये या धास्तीवर. कच्च्या मालाची तरतूद अपुरी, म्हणून पाच-सहा मुलांत एक जॉब. त्यातला एक जण करतो आणि बाकीचे पाहतात. मोडेल म्हणून चांगले अवजार कपाटात ठेवतात. मीही १२ वर्षे त्या कपाटाची किल्ली सांभाळली आहे. स्टॉक रजिस्टरवर सही करणाऱ्याला काय भीती असते ते मला ठाऊक आहे. ऑडिटला मोडलेल्या ब्लेडचा हिशेब द्यावा लागतो, न शिकलेल्या मुलाचा द्यावा लागत नाही.

माझे स्वतःचे शिक्षण कसे झाले तेही सांगतो. १९७३ साली, एकोणिसाव्या वर्षी, मी पॅटर्न शॉपला लागलो. एक गोल फ्लँज, म्हणजे जोडणीची चकती, करायची होती. तयार माप ६०० मि.मी. हवे होते. मशीनवर कापून मापात उतरवण्यासाठी दोन्ही अंगांना ३-३ मि.मी. धरून मी सागवानी पॅटर्न बरोबर ६०६ चा केला. रंधा असा मारला होता की लाकडात तोंड दिसावे. ओतकाम झाले, थंड झाले, माप घेतले तर ६०० ला केसभर कमी. मशीनवर उतरवायला काही उरलेच नव्हते. ऐंशीएक किलो बीड पुन्हा भट्टीत गेले.

बीड थंड होताना सुमारे एक टक्का आक्रसते. म्हणून पॅटर्नमेकर साध्या पट्टीने मोजत नाही. त्याची पट्टी वेगळी असते, कॉन्ट्रॅक्शन स्केल म्हणतात तिला. बिडाच्या स्केलवर जिथे १००० लिहिलेले असते तिथे खरे अंतर १०१० असते. पितळ आणि अ‍ॅल्युमिनियम बिडापेक्षा जास्त आक्रसतात, त्यांचे स्केल निराळे. हे मला तोंडपाठ होते, पुस्तकात वाचलेले होते. तरी हात सवयीने खिशातल्या साध्या पट्टीकडे गेला.

आमचे मिस्त्री गुजराती, फार मितभाषी. ते ओरडले नाहीत, पगार कापा म्हणाले नाहीत. बिडाचे स्केल माझ्यापुढे ठेवले, नवे सागवान दिले आणि म्हणाले, "फरीथी बनाव, भाई." पुन्हा कर. त्या दिवसानंतर माप घेण्याआधी स्केलवरचे अक्षर वाचल्याशिवाय मी कधी पेन्सिल टेकवली नाही.

या गावाला हे नवीन नाही, म्हणून जीव जास्त तुटतो. ज्या १८९० साली लक्ष्मीविलास राजवाडा बांधून पुरा झाला त्याच साली सयाजीराव महाराजांनी इथे कलाभवन काढले. पहिले प्रमुख प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर. रसायनशास्त्राचे प्राध्यापक, पण सुरतेच्या सुतार ज्ञातीतले. गज्जर म्हणजे सुतारच. मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्यावर डांबर ओतले गेले होते, ते डाग काढून देणारे हेच गज्जर. कलाभवनात चित्रकला, वास्तुकला, सुतारकाम, यंत्रविद्या, कापडाची रंगाई हे सगळे एका संस्थेत शिकवले जाई. शिकवणे देशी भाषेतून व्हावे असा गज्जरांचा आग्रह होता, आणि तशी तांत्रिक पुस्तके तयार व्हावीत म्हणून महाराजांनी पैसा दिला. रंधा, पटाशी, गुण्या, कानस हे शब्द ज्याच्या घरात आहेत त्या मुलाला शाळेत ते परके वाटू नयेत, हा विचार सव्वाशे वर्षांपूर्वी या शहरात झाला होता. आज तेच मूल जर्नलमध्ये 'ट्राय स्क्वेअर' लिहिते आणि गुण्या समोर ठेवला तर ओळखत नाही.

दादासाहेब फाळके याच कलाभवनाचे विद्यार्थी. त्र्यंबकेश्वरचा हा मुलगा मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून १८९० साली बडोद्याला आला. इथे तो चित्रकला, मातीकाम, वास्तुकला शिकला आणि फोटोग्राफीच्या नादी लागला. गज्जरांनी त्याचा कल पाहिला आणि तीन रंगांचे छपाईचे ब्लॉक करण्याचे तंत्र शिकायला त्याला रतलामला पाठवले. अमुक विद्यार्थी अमुक शाखेचा, त्याने दुसरीकडे पाहू नये, असे म्हटले नाही. पुढे चित्रपटाचा ध्यास घेतल्यावर फाळक्यांनी आधी काय केले? कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चित्र घेत टिपली, म्हणजे आधी हात बसवून घेतला. फिल्मला भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतचे काम घरात होई आणि पत्नी सरस्वतीबाई त्यात बरोबरीने असत. १९१३ साली पडद्यावर जे दिसले त्याच्यामागे इतके हातकाम होते. याच गज्जरांनी प्रा. कोटिभास्कर आणि अमीन यांच्यासह १९०७ साली अलेम्बिक ही औषध कंपनी उभी केली, हेही बडोदेकर जाणतातच.

१९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ झाले आणि कलाभवन त्याची तंत्रशास्त्र विद्याशाखा बनले. पुढच्याच वर्षी ललित कला विद्याशाखा सुरू झाली. आपल्या इंदूरचे ना. श्री. बेंद्रे तिथे शिकवायला आले. दोन्ही शाखांनी मोठे नाव कमावले. पण रंगवणारा आणि घडवणारा यांच्यामध्ये भिंत आली, ती तंत्रनिकेतनांतही तशीच राहिली. माझा अनुभव सांगतो. गणपतीच्या दिवसांत आमच्या ओळखीतला एक तरुण मूर्तिकार शाडूच्या मूर्तीचा साचा घेऊन माझ्याकडे आला. सोंडेपाशी साचा दर वेळी अडकायचा आणि मूर्तीचा टवका उडायचा. मी सोंडेखालची आत वळलेली बाजू दाखवली. तिथे साचा सरळ ओढून सुटणारच नव्हता. तो भाग वेगळा तुकडा करून घ्यायला सांगितले, बाकी कडांना थोडा उतार दिला. वाळूतून पॅटर्न सुटावा म्हणून आम्ही देतो तोच उतार. अर्ध्या तासाचे काम. तो म्हणाला, "काका, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही." आणि मेकॅनिकलच्या मुलांना मातीला हात लावायला कुणी सांगत नाही. पॅटर्न शॉपमध्ये आठवडाभर माती मळली, एखादा साधा चेहरा घडवून प्लास्टरमध्ये ओतला, तर ओतकामाचे अर्धे पुस्तक मुलाला आपोआप कळेल.

संगणकावर ड्रॉइंग होते, संगणकाने चालणारे सीएनसी मशीन लाकूड कापून देते, मग कानस कशाला, असे मला माझे मुलगेच विचारतात. मी सीएनसीच्या विरोधात नाही. निवृत्तीआधीची शेवटची चार वर्षे मी त्याच मशीनच्या शेजारी काम केले. पण मशीनला आक्रसण्याची टक्केवारी माणूसच सांगतो, आणि चुकीची सांगितली तर मशीन चुकीचेच, पण फार गुळगुळीत कापते. चूक ओळखायला बोटांना सवय असावी लागते.

माझ्या मागण्या फार खर्चाच्या नाहीत. वर्कशॉपचे गुण जर्नलला न देता परीक्षकासमोर बसून केलेल्या कामाला द्यावेत. जॉब ओबडधोबड असला तरी चालेल, मुलाच्या हातचा असावा. मग बाहेरचे दीडशे रुपयांचे दुकान आपोआप बंद होईल. प्रत्येक मुलामागे लोखंड, लाकूड आणि माती यांची तरतूद वेगळी काढावी आणि त्यात बिघडणारा माल धरूनच काढावी. संध्याकाळी दोन तास वर्कशॉप उघडे ठेवावे, कारण दिवसाच्या वेळापत्रकात व्हाइसवर पाळी येत नाही. आणि शिकवायला डिग्रीवाल्यांच्या जोडीला गावातले मिस्त्री, मूर्तिकार, ओतारी बोलवावेत. त्यांच्याकडे कागद नसतो म्हणून आज त्यांना फाटकाच्या आत घेत नाहीत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात व्यवसाय शिक्षण आणि मातृभाषा या दोन्हींचा आग्रह आहे. तो पाळायचा तर सुरुवात या माणसांपासून करावी लागेल.

माझ्याकडे बीड, पितळ आणि अ‍ॅल्युमिनियम यांची तीन कॉन्ट्रॅक्शन स्केल आहेत. त्यातले बिडाचे आमच्या मिस्त्रींनी जाताना मला दिलेले. शिवाय गोल पटाश्यांचा एक संच आहे, धार लावून ठेवलेला. ज्या तंत्रनिकेतनाला हवे असेल त्यांनी ते घेऊन जावे. सोबत मीही आठवड्यातले दोन दिवस येईन, मानधन नको. नातीची परीक्षा मार्चमध्ये आहे, तेवढा महिना सोडून केव्हाही. फक्त मी येईन त्या दिवशी लाकूड मुलांना मोजून देऊ नये.

आपला विश्वासू,
एक निवृत्त पॅटर्नमेकर
दांडिया बाजार, वडोदरा