विषय : ‘फिलरमुक्त’ रबिंग कंपाउंड ओरखडे काढत नाही, झाकते

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आपल्या हेल्पलाइनचा फोन आत्ताच ठेवला. यापुढचे सगळे लेखी.

डब्यावर आपण दोन दावे छापले आहेत. पी१५०० पर्यंतचे वॉटर पेपरचे ओरखडे निघतात (आकडा जितका मोठा, तितका पेपर बारीक), आणि मालात फिलर, म्हणजे ओरखडे नुसते भरून झाकणारा घटक, किंवा सिलिकॉन नाही. दोन्ही खोटे ठरले.

काम जुन्या ट्रॅक्टरच्या बॉनेटचे आणि मडगार्डचे. टू-के (हार्डनर मिसळून मारायचा) रंग, वर टू-के क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर, पूर्ण वाळलेला. पेपर आधी नीट भिजवलेले, रबरी ब्लॉकवर पी१५००, मग त्याला आडवा पी२०००, शेवटी पी३०००. दर पेपरनंतर पत्रा धुऊन, रबरी पट्टीने पाणी ओढून तपासला. ऑरेंज पीलचा, म्हणजे संत्र्याच्या सालीसारख्या खडबडीतपणाचा, एकही चमकता खळगा उरला नव्हता. प्रेसलाइन (पत्र्यात दाबून उठवलेल्या रेषा) आणि दुमडलेल्या कडांवर टेप होती, कारण क्लिअर तिथेच सर्वांत पातळ बसतो आणि पॅडखाली आधी तिथेच जळतो. बफिंग रोटरी मशीनवर, १२०० ते १५०० आरपीएम, आधी लोकरी पॅड, मग फोम.

बॉनेट आरशासारखे दिसले. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मे-निम्मे घेऊन पुसले आणि टॉर्च तिरका धरला, तर आपले कंपाउंड लावलेला अर्धा भाग पुन्हा धूसर. पी१५०० राहू द्या, पी३००० चे ओरखडेही जागच्या जागी. उरलेल्या अर्ध्या भागावर दुसरे कंपाउंड, तसेच नवे पॅड, तोच वेग. तो भाग पुसल्यावरही स्वच्छ. दोष घासण्यात असता तर दोन्ही बाजूंना दिसला असता.

आता आपल्या प्रतिनिधीचे बोलणे शब्दशः वाचा. पहिला प्रश्न, “डबा हलवून घेतला होता का?” हो. “वरून वॅक्स लावलं का?” नाही, कारण वॅक्सखाली ओरखडे लपतात आणि तपासणीला अर्थ राहत नाही. त्यावर, “मग अल्कोहोलनं पुसायला सांगितलं कोणी? पुसू नका, चमक टिकेल.” मी विचारले, पुसल्यावर जी जाते ती चमक क्लिअरची की फिलरची? उत्तर आले, “साहेब, ट्रॅक्टरच आहे ना? चिखलातच जाणार. एवढं कशाला बघताय?” आणि मागे कोणीतरी हसले. सिलिकॉनबद्दल विचारताच “ते कंपनीचं गुपित आहे.” जे डब्यावर ‘नाही’ म्हणून छापले आहे, ते गुपित कसे? सुपरवायझरने तर “पुन्हा घासून घ्या” सांगून फोन ठेवला.

पुन्हा घासायचे म्हणजे काय, हे रंगकामाचा माल विकणाऱ्या कंपनीला सांगावे लागावे याचे वाईट वाटते. क्लिअरचा थर बहुधा ४० ते ६० मायक्रॉनचा. प्रत्येक घासणीत तो उतरतो, आणि उन्हापासून रंग वाचवणारे घटक त्याच थरात असतात. सपाट पत्र्यावर एखादी घासणी निभावते. कडेवर रंग उघडा पडतो, मग तो अख्खा भाग पुन्हा फवारावा लागतो.

तेही करून पाहिले. मडगार्डच्या कोपऱ्यावर क्लिअर मारताच फिशआय, म्हणजे गोल खळगे, उमटले. घासण्याआधी आणि नंतरही वॅक्स-ग्रीस रिमूव्हरने पुसले होते. शेजारच्या, कंपाउंड न लागलेल्या पट्ट्यावर त्याच फवाऱ्यात एकही खळगा नाही. सिलिकॉनच्या जागी पृष्ठताण घटतो आणि ओला क्लिअर तिथून मागे सरतो, हे आपल्या प्रयोगशाळेला माहीत असणारच. तरीही डब्यावर ‘सिलिकॉन नाही’.

मला तीन गोष्टी हव्यात. डब्याचे पैसे परत. मडगार्डच्या क्लिअरचा आणि पुन्हा फवारणीचा खर्च. आणि या बॅचमध्ये फिलर व सिलिकॉन आहे की नाही, याचे सहीनिशी उत्तर. पंधरा दिवसांत ते आले नाही, तर डबा, फोटो आणि बिल घेऊन ग्राहक न्यायालयात जाईन. आपले कंपाउंड मी वर्षानुवर्षे इतरांना सुचवत आलो. ते आजपासून बंद.

सोबत : बिलाची प्रत, बॅच क्रमांकाचा फोटो, पुसण्याआधीचे आणि नंतरचे फोटो.

एक ग्राहक